मेणबत्ती विझली, बातमी झाली

हा भाग ज्यांनी हेडफोन लावून लोकलमध्ये ऐकला त्यांना नमस्कार, आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांनाही. नेहमीसारखंच बोललेलं थोडं आवरून-सावरून लिहिलंय. ‘अं’ आणि ‘म्हणजे कसं’ तेवढे कमी केलेत.

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीचा व्हॉइस मेसेज आला. ती म्हणाली, "दादा, फोनवर रोज काहीतरी येतं, ‘शास्त्रज्ञांनी शोधून काढलं’. आज कॉफी चांगली, उद्या वाईट. एका मिनिटात चार्ज होणारी बॅटरी येणार म्हणतात, मग पुढे काहीच होत नाही. यातलं काय खरं मानायचं?"

प्रश्न रास्त आहे. एका वाक्यात देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नाही, पण गोष्ट आहे. रसायनशास्त्रज्ञ आणि पत्रकार समोरासमोर आले, अशा चार प्रसंगांची. पहिल्या दोन प्रसंगांत माणूस एकच आहे. तिसऱ्या प्रसंगात जे दोघं आहेत, त्यांना या माणसाने करून ठेवलेलं निस्तरावं लागलं.

पहिला प्रसंग. न्यूयॉर्क, ३० ऑक्टोबर १९२४. एका तेल कंपनीने पत्रकारांना बोलावलंय. कारण गंभीर आहे. शेजारच्या न्यू जर्सी राज्यात, बेवे इथल्या तिच्या रिफायनरीत काम करणारे पाच जण काही दिवसांत दगावलेत, आणखी तीस-पस्तीस जण आजारी आहेत. आजारही साधा नाही. माणसांना भास होत होते, काहींना अक्षरशः बांधून ठेवावं लागलं. ज्या पदार्थामुळे हे झालं त्याला वर्तमानपत्रांनी ‘वेड लावणारा गॅस’ असं नाव देऊन टाकलं होतं. त्याचं खरं नाव टेट्राइथाइल लेड. लेड म्हणजे शिसं. पेट्रोलमध्ये हे थोडंसं घातलं की इंजिनाचं नॉकिंग थांबतं, गाडी झकास पळते. बाजारात मात्र ते ‘एथिल’ या नावाने आलं होतं. नावात ‘शिसं’ हा शब्द येणार नाही याची काळजी आधीच घेतली होती. मार्केटिंगवाल्यांची ही युक्ती आजची नाही, बरं का.

तर पत्रकारांसमोर उभा राहिला थॉमस मिजली. एथिल शोधणारा माणूस. त्याने बाटली उघडली, ते द्रव्य हातावर ओतलं, हात धुतल्यासारखे चोळले. मग बाटली नाकाशी धरून साठ सेकंद वास घेतला. वर सांगितलं, हे मी रोज केलं तरी मला काही होणार नाही.

पत्रकारांनी काय पाहिलं? एक धडधाकट माणूस, विष म्हणून बदनाम झालेला पदार्थ हातावर घेतोय आणि हसतोय. यापेक्षा मोठा पुरावा कुठला?

पण दोन गोष्टी त्या खोलीत कोणाला दिसल्या नाहीत. एक म्हणजे, मिजली स्वतः आदल्या वर्षी शिशाच्या विषबाधेने आजारी पडून फ्लोरिडात आराम करून आला होता. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. शिशाचा प्रश्न एका मिनिटाचा नव्हताच मुळी. शहरातल्या लाखो गाड्यांच्या धुराड्यांतून थोडं थोडं शिसं हवेत, धुळीत, मुलांच्या रक्तात वर्षानुवर्षं साठत गेलं तर काय, हा तो प्रश्न होता. साठ सेकंदांच्या प्रयोगाने साठ वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, आणि ते उत्तर छापून आलं.

पत्रकारांना सरसकट दोष देता येणार नाही. येल विद्यापीठातले यँडेल हेंडरसन हे शरीरशास्त्रज्ञ तेव्हाच जाहीरपणे सांगत होते की ही विषबाधा इतकी हळू चढेल की लोकांच्या लक्षात येईपर्यंत शिशाचं पेट्रोल जिकडेतिकडे झालेलं असेल. त्यांचं म्हणणं वर्तमानपत्रांनी छापलं. पण हेंडरसन यांच्याकडे दाखवायला काय होतं? एक अंदाज. आणि समोर होता चक्क हात धुणारा माणूस. फोटो कोणाचा चांगला येईल, सांगा.

पुढचं थोडक्यात. भारतात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, साल २०२१. मिजलीने हात चोळले तेव्हापासून ९७ वर्षं.

दुसरा प्रसंग, १९३०, अटलांटा. अमेरिकन केमिकल सोसायटीचं अधिवेशन. व्यासपीठावर पुन्हा हेच मिजलीसाहेब.

या वेळी प्रश्न होता फ्रिजचा. तेव्हाच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असले वायू असायचे. गळती झाली तर घरातली माणसं मरायची, आणि मेलीही होती. मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नवा पदार्थ बनवला. कार्बन, क्लोरीन आणि फ्लोरीन एकत्र बांधलेला. याच घराण्याला आपण सीएफसी म्हणतो, बाजारातलं नाव फ्रेऑन. हा जळत नाही, विषारी नाही, कशाशी अभिक्रिया करत नाही. अगदी गरीब गायीसारखा वायू.

हे सांगायचं कसं? मिजलीने छातीभरून तो वायू ओढून घेतला आणि एका पेटत्या मेणबत्तीवर हळूच सोडला. मेणबत्ती विझली. एका श्वासात दोन गोष्टी सिद्ध. माणूस जिवंत, म्हणजे विषारी नाही. ज्योत गेली, म्हणजे पेटत नाही.

इथे मला मिजलीची बाजू घ्यावीशी वाटते. १९२४ च्या प्रयोगात लपवाछपवी होती. १९३० च्या प्रयोगात नव्हती. त्याने जे दाखवलं ते शंभर टक्के खरं होतं. फ्रेऑनमुळे फ्रिज घराघरांत आले, औषधं आणि दूध टिकायला लागलं, वायुगळतीचे बळी थांबले. फक्त एक प्रश्न त्या सभागृहात कोणी विचारला नाही: हा वायू शेवटी जातो कुठे? कशाशीच अभिक्रिया करत नाही म्हणता, पावसात धुऊन जात नाही, जमिनीत मुरत नाही. मग राहतो कुठे? १९३० मध्ये या प्रश्नाचं उत्तर द्यायला लागणारी मोजमापंच नव्हती, हेही खरं. मिजली १९४४ साली गेला. आपल्या वायूचं पुढे काय झालं ते त्याला कळलंच नाही.

तो प्रश्न विचारला गेला चाळीसेक वर्षांनी, आणि तोही जवळजवळ कुतूहलापोटी.

जेम्स लव्हलॉक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने हवेतले अगदी सूक्ष्म घटक पकडणारं उपकरण बनवलं होतं. ते घेऊन तो जहाजाने इंग्लंडहून अंटार्क्टिकापर्यंत गेला आणि त्याला समुद्रावर सगळीकडे सीएफसी सापडलं. त्याला यात धोका वाटला नाही, तसं त्याने लिहूनही ठेवलं. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक शेरवुड रोलंड यांच्या कानावर ही आकडेवारी १९७२ मध्ये एका बैठकीत आली. त्यांना वाटलं, बघू तरी याचं पुढे काय होतं. १९७३ मध्ये त्यांच्याकडे मेक्सिकोचा तिशीतला मारिओ मोलिना संशोधनासाठी आला आणि त्याने हा विषय निवडला.

काही महिन्यांत उत्तर मिळालं, आणि दोघंही घाबरले. सीएफसी खाली कुठेच मोडत नाही, म्हणून हळूहळू वर चढतं. खूप वर, जिथे ओझोनचा थर आहे, त्याच्याही वरच्या भागापर्यंत. तिथे सूर्याची तीव्र अतिनील किरणं त्याला फोडतात आणि क्लोरीनचा एक अणू मोकळा सुटतो. आता हा क्लोरीन म्हणजे गल्लीतला भांडणं लावणारा माणूस समजा. ओझोनच्या घरात ऑक्सिजनचे तीन अणू. हा जातो, एकाला फूस लावून बाहेर काढतो, घर मोडतं. मग बाहेर काढलेल्याला दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात बांधतो आणि स्वतः नामानिराळा होऊन पुढच्या घराकडे निघतो. खर्च काहीच नाही. असा एक क्लोरीन अणू लाखभर ओझोन रेणू मोडू शकतो. आणि ओझोन मुळात आहे किती? डोक्यावरचा सगळा ओझोन जमिनीवर आणून पसरला तर थर जेमतेम तीन मिलिमीटरचा होईल. अतिनील किरणांपासून आपल्याला वाचवणारं छप्पर एवढंच.

असं सांगतात की त्या दिवसांत रोलंडनी घरी बायकोला सांगितलं, काम छान चाललंय, पण बहुतेक जग बुडणार.

शोधनिबंध २८ जून १९७४ ला ‘नेचर’मध्ये छापून आला. योगायोग म्हणजे त्या दिवशी रोलंड ४७ वर्षांचे झाले. आणि जगात काय खळबळ उडाली? काहीही नाही. निबंधाची भाषा शोधनिबंधाचीच होती. सीएफसी वातावरणात ४० ते १५० वर्षं टिकू शकतं, वगैरे. ते वाचून रस्त्यावरच्या माणसाला केसांवर मारायचा स्प्रे आठवणं शक्यच नव्हतं. पण अमेरिकेतलं सीएफसी मोठ्या प्रमाणावर जात होतं ते याच डब्यांमध्ये. हेअरस्प्रे, डिओ, डास मारायचं औषध.

तिसरा प्रसंग इथे येतो. सप्टेंबर १९७४, अटलांटिक सिटी. पुन्हा अमेरिकन केमिकल सोसायटीचंच अधिवेशन. मिजलीने मेणबत्ती विझवली होती त्याच संस्थेचं. रोलंड आणि मोलिना पत्रकारांसमोर बसले. त्यांच्याकडे ना बाटली होती, ना मेणबत्ती. दाखवायला होती फक्त गणितं. पण त्यांनी तिथे एक गोष्ट केली जी त्या काळच्या शास्त्रज्ञाला शोभत नाही असं मानलं जायचं. काय सापडलं ते सांगून ते थांबले नाहीत, सीएफसी हवेत सोडणं बंद करा अशी मागणी केली. महिनाअखेरीस ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर हार्वर्डमधल्या दुसऱ्या गटाच्या गणितांची बातमी आली, आणि विषय पेटला. ‘ऑल इन द फॅमिली’ या टीव्हीवरच्या गाजलेल्या मालिकेत नवरा बायकोला हेअरस्प्रेवरून सुनावतो, इथपर्यंत मजल गेली.

आता इथे मी पंधरा वर्षं पुढे उडी मारणार आहे. थोडा वेळच, लगेच परत येऊ. कारण चौथा प्रसंग या तिसऱ्याच्या शेजारी ठेवला तरच नीट दिसतो.

२३ मार्च १९८९, अमेरिकेतलं यूटा राज्य, सॉल्ट लेक सिटी. विद्यापीठाने पत्रकार बोलावलेत. स्टॅनली पॉन्स आणि मार्टिन फ्लाइशमन, दोघंही विद्युतरसायनशास्त्रातली वजनदार नावं. त्यांचा दावा असा की काचेच्या भांड्यात जड पाणी घ्या, त्यात पॅलेडियमची कांडी बुडवून वीज सोडा, आणि सूर्याच्या पोटात चालते ती अणूंची जुळणी टेबलावर घडते. घातली त्यापेक्षा जास्त ऊर्जा बाहेर पडते. म्हणजे जगाचा इंधनाचा प्रश्न मिटला! कॅमेरे, टाळ्या, जगभर हेडलाइन.

शोधनिबंध? तो त्या दिवशी कोणाच्याच हातात नव्हता. छापून आला दोनेक आठवड्यांनी. जवळच्याच दुसऱ्या विद्यापीठात साधारण याच विषयावर काम चालू होतं, पहिलं कोण याची घाई होती, पेटंटची चिंता होती. परिणाम काय, तर जगातले नामवंत प्रयोगशाळावाले टीव्हीवरची चित्रफीत थांबवून-थांबवून कांडी किती जाड असेल, भांडं केवढं असेल याचा अंदाज बांधत बसले. हे खरंच झालंय. पडद्यावर दिसलेल्या आलेखावरूनही लोकांनी चुका काढल्या.

आपल्या मुंबईतही हे वारं पोहोचलं. ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तेव्हा पी. के. अय्यंगार संचालक होते. तिथल्या अनेक गटांनी लगोलग प्रयोग लावले. जड पाणी आणि ते हाताळायची सवय त्यांच्याकडे होतीच. न्यूट्रॉन आणि ट्रिटियम मिळाल्याचं त्यांनी नोंदवलं आणि त्या वर्षअखेर एक जाडजूड अहवालही काढला. जगात इतरत्र मात्र बहुतेक चांगल्या प्रयोगशाळांच्या हाती काही लागेना. मे महिन्याच्या सुरुवातीला बाल्टिमोरला भौतिकशास्त्रज्ञांच्या बैठकीत कॅलटेकच्या मंडळींनी दाव्याची चिरफाड केली आणि मुख्य प्रवाहातल्या विज्ञानापुरता विषय तिथेच बसला.

म्हणून म्हटलं शेजारी ठेवून पाहा. अटलांटिक सिटीला बसलेल्या पत्रकाराला शंका आली असती तर तो काय करू शकत होता? जूनमध्ये छापलेला निबंध दुसऱ्या एखाद्या वातावरणशास्त्रज्ञाला दाखवून "हे बरोबर आहे का हो?" असं विचारू शकत होता. अनेकांनी तसं विचारलंही. सॉल्ट लेक सिटीच्या पत्रकाराला फोन करायला माणसं होती, पण त्या माणसांच्या हातातही तीच चित्रफीत.

चला, परत १९७५ मध्ये.

सीएफसी उद्योग गप्प बसणार नव्हता. ड्यूपॉन्ट ही सगळ्यात मोठी उत्पादक. तिने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. भाषा अगदी सभ्य: विश्वासार्ह पुरावा मिळाला की आम्ही स्वतःहून थांबू, तोवर घाई नको. काही मंडळी एवढीही सभ्य नव्हती. ही सगळी टीका म्हणजे रशियाच्या केजीबीची चाल आहे असं स्प्रेच्या धंद्यातल्या एकाने म्हटलं. आणि रोलंडना पुढची जवळपास दहा वर्षं इतर विद्यापीठांच्या रसायनशास्त्र विभागांतून व्याख्यानाची बोलावणी अगदी तुरळक आली. पत्रकारांशी जास्त बोलणारा माणूस आपल्यातला नाही, असं बऱ्याच जणांना वाटत असावं.

पण या गोष्टीतला सगळ्यात अवघड भाग १९७६ चा आहे. मी मुद्दाम इथे रेंगाळणार आहे.

रोलंड-मोलिना यांच्या स्वतःच्याच कामातून एक नवी गोष्ट पुढे आली. मोकाट फिरणारा क्लोरीन काही वेळा नायट्रोजनच्या संयुगाबरोबर बांधला जातो आणि क्लोरीन नायट्रेट तयार होतं. भांडणं लावणारा तो माणूस काही काळ कोठडीत, असं समजा. कोठडीत आहे तोवर ओझोन मोडणार नाही. आधी वाटलं होतं की ही कोठडी क्षणभराची असेल. मोजल्यावर कळलं की नाही, बरीच पक्की आहे. म्हणजे ओझोनचं नुकसान आधीच्या अंदाजापेक्षा कमी.

तुम्ही त्यांच्या जागी असता तर? समोर कंपन्या टपून बसलेल्या, केजीबीचे आरोप, आणि तुमच्याच हाताने तुमची बाजू कमकुवत करणारा आकडा निघालाय. त्यांनी तो जाहीर केला. सरकारसाठी अहवाल लिहिणाऱ्या नॅशनल अकॅडमीच्या समितीला आपली गणितं पुन्हा करावी लागली, अहवाल काही महिने लांबला. बाहेर सूर एकच: ओझोनवाल्यांचा दावा बारगळला.

मी तीन वर्षं एका न्यूज डेस्कवर काम केलंय. कुठल्या ते सोडा. संशोधनाची बातमी आली की आमचे साहेब विचारायचे, "एका ओळीत सांग, खायचं की नाही खायचं?" मीही तशाच ओळी लिहिल्या. एकदा एका औषधाचा परिणाम पहिल्या चाचणीपेक्षा दुसऱ्या चाचणीत थोडा कमी दिसला, तर मी ‘शास्त्रज्ञांची माघार’ असं शीर्षक दिलं होतं. माघार वगैरे काही नव्हती. मोजमाप सुधारलं होतं, इतकंच. पण ‘मोजमाप सुधारलं’ हे शीर्षक कोण उघडणार? १९७६ बद्दल वाचलं तेव्हा मला ते शीर्षक आठवलं आणि थोडी लाज वाटली.

अहवाल शेवटी सप्टेंबर १९७६ मध्ये आला. त्याचा सूर असा: सीएफसीमुळे ओझोनचं नुकसान होतं हे खरं, निर्बंध लागतीलच, पण निर्णयाआधी जास्तीत जास्त दोन वर्षं थांबून अभ्यास करा. दुसऱ्या दिवशी दोन मोठ्या वर्तमानपत्रांची शीर्षकं एकमेकांच्या विरुद्ध होती. एकात शास्त्रज्ञांचा निर्बंधांना पाठिंबा, दुसऱ्यात शास्त्रज्ञांचा बंदीला विरोध. अहवाल तोच बरं का! आणि गंमत म्हणजे दोघांनाही खोटं म्हणता येत नाही.

पुढच्या काही वर्षांत आकडे असेच हलत राहिले. दीर्घकाळात ओझोन किती टक्के घटेल? १९७६ चं उत्तर सातच्या आसपास. १९७९ मध्ये सोळाच्या वर. १९८२ मध्ये पाच ते नऊ. १९८४ मध्ये दोन ते चार. आता सांगा, सामान्य माणसाने काय समजायचं? दर वेळी नवी मोजमापं येत होती, नवी अभिक्रिया हिशेबात धरली जात होती. शास्त्रज्ञांना हे रोजचंच. बाहेरून बघणाऱ्याला मात्र वाटायचं, यांचं यांनाच कळत नाहीये. १९८४ पर्यंत अमेरिकेत हा विषय थंड पडला होता. १९७८ मध्ये तिथे स्प्रेमधल्या बहुतेक वापरावर बंदी आली होती, लोकांनी त्याआधीच डबे घेणं कमी केलं होतं. बाकी फ्रिज, एसी, फोम जोरात चालू.

आणि मग १९८५. ब्रिटनचे जो फार्मन आणि दोन सहकारी. अंटार्क्टिकावरच्या हॅली बे या तळावर त्यांची संस्था १९५० च्या दशकापासून एका जुन्या धाटणीच्या उपकरणाने ओझोन मोजत होती. दर वर्षी, कंटाळा न करता. त्यांनी छापलं की ऑक्टोबर महिन्यात तिथला ओझोन साधारण ३०० एककांवरून २०० च्या खाली आलाय. दोन-चार टक्क्यांची गोष्ट राहिलीच नाही. तिसरा हिस्सा गायब! एवढी मोठी घट कुठल्याच गणितात नव्हती. रोलंडच्याही नाही.

‘ओझोनला भोक’ हा शब्द याच सुमाराचा. शाळेत आपण सगळे तो शिकलो. खरं तर भोक वगैरे नाही, थर वसंतात पातळ होतो आणि काही महिन्यांत बराचसा भरून येतो. अनेक शास्त्रज्ञांना हा शब्द खटकतो. आणि त्या भोकातून ऊन आत येतं म्हणून पृथ्वी तापते, हा घोळ आजही लोक घालतात, तो या शब्दामुळेच. ते दोन वेगळे विषय आहेत. तरीही मला हा शब्द आवडतो. उपग्रहाच्या चित्रात दक्षिण ध्रुवावर दिसणारा तो निळा-जांभळा डाग आणि ‘भोक’ हा शब्द, यांनी जे केलं ते अकरा वर्षांच्या टक्केवारीला जमलं नव्हतं. छपराला भोक पडलं की माणूस उठतोच.

पण अंटार्क्टिकावरच का? तिथे तर कोणी स्प्रे मारत नाही. १९८६ मध्ये सुझन सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी एक कल्पना मांडली. ध्रुवावरच्या हिवाळ्यात अतिथंड उंचीवर बर्फाचे ढग बनतात, त्यांच्या कणांवर काहीतरी घडत असावं. पुढच्या वर्षी मोलिना यांनी कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत ते करून पाहिलं. बर्फाच्या पृष्ठभागावर हायड्रोजन क्लोराइड आणि आणखी एक संयुग एकत्र आणलं, आणि क्लोरीन धडाधड मोकळा झाला.

ते दुसरं संयुग म्हणजे क्लोरीन नायट्रेट. १९७६ ची ती कोठडी. जिच्यामुळे रोलंड-मोलिना यांचा दावा बारगळला असं सगळ्यांना वाटलं होतं, तीच. हिवाळाभर दंगेखोर तिथे कोंडले जातात, बर्फ कुलूप उघडतो, आणि वसंतातलं पहिलं ऊन पडलं की सगळे एकदम बाहेर.

१६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियलचा करार झाला. ड्यूपॉन्टने पुढच्या वर्षी सीएफसी बनवणं टप्प्याटप्प्याने बंद करणार असल्याचं जाहीर केलं. भारताने सुरुवातीला सही केली नाही. घाण श्रीमंतांनी करायची आणि महाग पर्याय आम्ही घ्यायचे, हे कसं चालेल, असा आपला प्रश्न होता. १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत तेव्हाच्या पर्यावरणमंत्री मनेका गांधींनी तो ठणकावून मांडला. गरीब देशांना मदत करणारा निधी ठरला आणि १९९२ मध्ये भारत करारात आला. २००८ साली आपल्याकडचं सीएफसी उत्पादन थांबलं, दम्याच्या पंपांसाठी लागणारं सोडून. क्रुट्झेन, मोलिना आणि रोलंड यांना १९९५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते तुम्हाला गुगलवर सापडेलच.

हा भाग लिहीत असतानाच आमच्याकडचा जुना फ्रिज बंद पडला. गॅस भरायला एक काका आले, पन्नाशी ओलांडलेले, खांद्याला पाइप आणि सिलिंडर. मी सहज विचारलं, "काका, पूर्वी आर-१२ भरायचे ना?" म्हणाले, "हो, आम्ही शिकलो तेव्हा तोच होता. लई चांगला गॅस. वास नाही, पेट नाही, काही नाही. पण वर जाऊन ओझोन खायचा म्हणे, म्हणून बंद केला." मग फ्रिजची पाठ माझ्याकडे वळवून त्यांनी धूळ पुसली आणि ‘सीएफसी फ्री’ लिहिलेलं फिकट हिरवं स्टिकर दाखवलं. "हे बघा. हे असलं की समजायचं." आणि कामाला लागले.